फुईचा मान

कापूस वेचणीच्या दिवसांत आमच्या घरात माणसाला जागा राहत नसे. पुढची खोली कापसानं आढ्यापर्यंत भरलेली, मधल्या खोलीत अर्धी भिंत कापूस आणि उरलेल्या जागेत आम्ही तिघं: माझे वडील आबा, मी आणि नवी लग्न होऊन आलेली इंदू. कापसानं भरलेल्या घरात आवाज मरतो. हाक मारली तर ती समोरच्या माणसापर्यंत जायच्या आधीच कुठंतरी रुतून बसते. इंदू चुलीपाशी भाकरी थापायची तेव्हा दुसऱ्याच्या घरात कुणी थापतंय असं वाटायचं. आता मी एकटाच असतो, घरात कापूस नाही, काहीच नाही, भांडं पडलं तर गल्लीत ऐकू जातं. मला ती जुनी मुकी खोली बरी वाटते. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. लिहायला बसलोय ते इंदू गेली म्हणून. आमच्या पहिल्या मुलाचं कुठंही काही लिहिलेलं नाही. त्याचं नावसुद्धा ठेवायचं राहिलं. त्याच्या तोंडात वेळेवर दूध गेलं नाही, एवढंच त्याचं चरित्र. ते मला माहीत आहे, म्हणून मी लिहितो.

माझी आई मी रांगत होतो तेव्हाच गेली. मला वाढवलं अक्कानं, माझ्या थोरल्या बहिणीनं. तिचं लग्न होऊन ती पिंपळनेरला गेली तेव्हा मी तिच्या बैलगाडीमागं गावाच्या शिवेपर्यंत रडत गेलो होतो, असं आबा सांगत. म्हणून अक्काचा शब्द आमच्या घरात आईचा शब्द. पण माझ्या लग्नात घोळ झाला. पंगत बसली होती, वांग्याचं भरीत, पुऱ्या, डाळ वाढून झाली होती, आणि कुणातरी दीडशहाण्यानं अक्काच्या नवऱ्याला ओळखलंच नाही. ‘ही ओळ नवरीकडच्यांची’ म्हणून त्यांना भरल्या ताटावरून उठवलं. अक्कानं हातातली परात खाली ठेवली, पोरं गोळा केली आणि नवरीचं तोंडही न पाहता निघून गेली. त्यानंतर ती आली नाही. दिवाळीला मी न्यायला गेलो, तेव्हाही आली नाही.

इंदू सातवी शिकलेली होती. गावात अंगणवाडी निघाली आणि सातवी शिकलेली सून दुसरी नव्हती, म्हणून तिला घेतलं. मग तालुक्याला, धरणगावला, प्रशिक्षण लागलं. बाळाला पहिलं दूध कधी पाजायचं, कसं पाजायचं, ते गावोगावच्या बायांना शिकवायचं, म्हणून आधी या सेविकांना शिकवायचं. इंदूला तेव्हा पाचवा महिना होता. सोबतच्या बाया तिला चिडवत, ‘मास्तरीण पुस्तक पोटमा घीसनच उनी वं!’ ती संध्याकाळच्या गाडीनं परत यायची आणि भाकरी थापता थापता आम्हाला सगळं सांगायची. धुळ्याहून एक सिस्टर येत. त्या सांगत की मूल पुसायचं आणि आईच्या छातीवर ठेवायचं, अंघोळीची वाट बघायची नाही, पहिल्या तासात त्याला लावायचं. मध नको, गूळपाणी नको, शेळीचं दूध नको. पिवळा घट्ट चीक येतो तो फेकायचा नाही, तोच पाजायचा. एक बाई उठून म्हणाली होती, ‘सिस्टर, तो चीक नऊ महिना शिळा व्हयेल ऱ्हास. आमना तठे तो भितवर पिळी टाकतस.’ सगळ्या हसल्या. सिस्टर हसल्या नाहीत.

आबांना कमी ऐकू यायचं. त्यांनी एक दिवस विचारलं, ‘काय शिकाडतस वं पोरी तठे?’

‘लेकरूले दूध पाजानं, आबा.’

‘ते बी शिकाडनं पडस का? म्हैसले कोन शिकाडस?’

‘पारडूले तं आपुनच खुटाले बांधी ठेवतस, आबा,’ इंदू म्हणाली. ‘म्हैसनं काय चुकस त्याम्हा?’

आबा जेवता जेवता थांबले आणि खूप वेळानं हसले. त्यांना सुनेचं उत्तर आवडलं होतं. मलाही. त्या दिवशी डुबुकवड्यांची आमटी होती आणि बाहेर कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा ढीग वाऱ्यानं सळसळत होता.

प्रशिक्षणात कापडाची छाती करून दाखवली होती. इंदूनं घरी तशीच एक केली, माझ्या जुन्या बंडीच्या कापडाची, आणि आमचाच कापूस भरला. दुधी भोपळ्याला फडकं गुंडाळून त्याचं मूल केलं. मला समोर बसवून म्हणायची, ‘तुम्ही बाळंतीण.’ मी मिशीवाला बाळंतीण होऊन बसायचो. ती सांगायची, डोकं दाबू नका, मानेला आधार द्या, पोटाला पोट लागू द्या, तोंड मोठं उघडेपर्यंत थांबा. मी भोपळ्याला म्हणायचो, उघड बाबा तोंड. आम्ही दोघं पोट धरून हसायचो आणि कापसात ते हसणं कुणाला ऐकू जायचं नाही. माझ्या आयुष्यात याच्याइतकं सुख पुन्हा आलं नाही. हे मी उगीच म्हणत नाही. मी मोजमाप करणारा माणूस नाही, पण हे मला ठाऊक आहे.

गावात तिचं पहिलं काम पिंजाऱ्याच्या घरी झालं. त्यांची सून अडली होती, मोकळी झाली आणि इंदू तिच्या उशाशी जाऊन बसली. पिंजाऱ्याची बायको मध घेऊन उभी होती. इंदूनं तिचा हात धरून तिला शेजारी बसवलं आणि बोलत राहिली, बोलत राहिली, तेवढ्यात पोरगं छातीला लागलंसुद्धा. म्हातारी म्हणाली, ‘अगे, ये तो पैदा होते ही कामकू लग गया!’ दुसऱ्या दिवशी त्यांनी आमच्याकडं शीरखुर्मा पाठवला, ईद नसताना. दोन दिवस इंदूचे पाय जमिनीला लागत नव्हते.

आता जे सांगायचं ते फुईचं. आमच्याकडं आत्याला फुई म्हणतात. आमच्या भाऊबंदांत रीत होती की बाळाच्या फुईनं येऊन बाळंतिणीची छाती कडुनिंबाच्या कोमट पाण्यानं धुवायची, हळद लावायची आणि मगच बाळाला जवळ द्यायचं. फुईला त्याबद्दल लुगडं-चोळी. त्याला फुईचा मान म्हणत. फुई गावातच असली तर काही बिघडत नसे, घटकाभरात येऊन धुऊन जायची. फुई लांब असली तर मूल थांबायचं. तोवर कापसाच्या वातीनं गूळपाणी. धरणगावच्या त्या प्रशिक्षणात चिकाचं सांगितलं, मधाचं सांगितलं, भोंदूबाबाचंसुद्धा सांगितलं. फुईचं कुणी विचारलं नाही आणि कुणी सांगितलं नाही. बायांना वाटलं, हे काय सांगायचं, हे तर सगळ्यांकडंच असतं.

पहिलं बाळंतपण माहेरी. इंदूचं माहेर भुसावळच्या अलीकडं, केळीच्या बागांमधलं गाव. निघताना मी तिला म्हणालो, ‘तुझी माय जुन्या वळणाची आहे.’ ती म्हणाली, ‘मनी माय शे ती. आयकी मनं.’ तिला खात्री होती. परक्या पिंजाऱ्याच्या म्हातारीनं ऐकलं, मग स्वतःची आई कशी ऐकणार नाही?

निरोप घेऊन तिचा चुलतभाऊ आला तेव्हा मी शेतात होतो. मुलगा झाला होता, आदल्या दिवशीच. चुलतभावाची गाडी चुकली म्हणून त्याला एक दिवस उशीर झाला होता. तो म्हणाला, ‘पाव्हणा, काकूनी सांगेल शे, बहीनले लईसनच या.’ मला वाटलं, सासू शहाणी आहे, या निमित्तानं रुसवा मिटवतेय. मी पेढे घेतले आणि तसाच धुळ्याची गाडी धरली. धुळ्याहून साक्री, साक्रीहून पिंपळनेर. मी गाडीत गात होतो. शेजारचा माणूस वैतागून उठून दुसरीकडं जाऊन बसला.

अक्का दारातच कळण्याची भाकरी करत बसली होती. मान वर न करता म्हणाली, ‘कोन, नामा? वाट चुकना का?’

‘आंडोर व्हयना, अक्का.’

तिचे पिठाचे हात तसेच राहिले. ‘कोनावर गया?’

‘मी दखा नही आजून.’

‘मंग अठे काय करस?’

‘तुले लेवाले उनू.’

‘आते याद उनी बहीननी,’ ती म्हणाली. ‘भरेल ताटवरथीन उठाडं तव्हय नही उनी.’ आणि माझ्यासमोर पाट आदळला. ‘जेव पहिले. उपाशी मानूससंगे मी भांडत नही.’

मी जेवलो. ठेचा इतका तिखट होता की डोळ्यांतून पाणी आलं. अक्काला वाटलं मी रडतोय, मग तीच रडली. मेहुणे आले, त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, तेव्हाच मला कळलं की रुसवा गेला. अक्कानं पेटी उघडून एक झबलं काढलं. बारीक टाक्यांचं, पिवळं, गळ्याला लाल गोट. इंदूला दिवस गेल्याचं कळलं तेव्हापासून ती ते शिवत होती. एवढी भांडखोर बाई, पण गुपचूप झबलं शिवत होती. मी खुशीत म्हणालो, ‘दोन दिवस राहून आरामात निघू अक्का, घाई नाही. इंदू शिकलेली आहे, तिनं केव्हाच पाजलं असेल.’

अक्कानं झबलं खाली ठेवलं. ‘काय बोलस तू? मी जावापहिले तुनी सासू पाजू देवाव शे का? तिनी माले गये महिनाले सांगी धाडं व्हतं. अक्काना हात लागाशिवाय लेकरूना तोंडमा थेंब जावाव नही म्हनी.’

मला आधी ते समजलंच नाही. मग समजलं. मी उभा राहिलो. ‘तीन दिवस व्हतीन, अक्का!’

‘ते व्हई. गूळनं पानी देतस ना. तू बी तेच पेयेल शे.’ पण तिचा आवाज उतरला होता. शेवटची गाडी निघून गेली होती. मी स्टँडवर जाऊन विचारून आलो, ट्रक बघितले, एकही पूर्वेकडं जाणारा नव्हता.

सकाळच्या पहिल्या गाडीनं आम्ही निघालो. या प्रवासाचं मला एकेक ठिकाण आठवतं आणि एकही सांगावंसं वाटत नाही. धुळ्याला अक्का म्हणाली, रिकाम्या हातानं कशी जाऊ, आणि खाऊच्या दुकानात शिरली. ती येईपर्यंत जळगावची गाडी सुटली. तिनं माझं तोंड पाहिलं आणि पुडा पदराखाली धरून उन्हात उभी राहिली, सावलीत आलीच नाही.

आता मधेच सांगतो. यानंतर इंदूनं ते काम सोडलं नाही. लोकांना वाटलं सोडेल. ज्या घरात सून गरोदर, त्या घराची फुई कुठल्या गावाला दिली आहे ते ती आधी विचारायची आणि सातव्या महिन्यात स्वतः तिथं जाऊन तिला बाळंतपणाच्या आधीच घेऊन यायची. येत नसली तर तिच्याकडून पाणी मंतरून घेतल्यासारखी कडुनिंबाची डहाळी घेऊन यायची आणि सांगायची, हा फुईचाच हात. लोक ते मानत. तिच्या दहाव्याला तालुक्यातल्या आशाताई आल्या होत्या, रडल्या. पुढं मी एकदा तालुक्याच्या दवाखान्यात गेलो. त्यांचं असलंच काही शिबिर चालू होतं. मी म्हणालो, साहेब, नुसत्या पोरींना काय शिकवता, ज्यांचं घरात चालतं त्यांना बोलवा, सासवांना, फुईंना. साहेब चांगला होता, त्यानं चहा पाजला. म्हणाला, आजोबा, आता ती फुईबिईची रीत राहिली नाही. खरं आहे, राहिली नाही. माझ्या नातीला आत्ता मुलगी झाली, मोठ्या दवाखान्यात, शिझर करून. मी गेलो तर पोरीच्या तोंडाला बाटली आणि उशाशी पावडरचा डबा. मी विचारलं तर तिचे सासरे म्हणाले, तिला आराम पडू द्या. म्हणजे आडवं येणारं कुणीतरी असतंच. इंदू असती तर भांडली असती. मी नाही भांडलो. मला आता भांडायचं बळ नाही आणि खरं सांगायचं तर काही होईल असं वाटतही नाही.

तर आम्ही इंदूच्या माहेरी पोहोचलो. सासूनं दारातच भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, अक्काच्या पायावर पाणी घातलं. ‘या अक्का, या. तुमनीच वाट दखी ऱ्हायनूत. तुमना मान राखा, बरं का. एक थेंब दिधा नही.’ हे तिनं अगदी आनंदानं सांगितलं. सासू वाईट नव्हती. आठ बाळंतपणं केलेली बाई. तिला एकच भीती होती, की नणंद रुसलेली राहिली तर लेकीला सासरी सुख लागणार नाही. लेकीसाठीच तिनं ते केलं. लेकीनं सांगून पाहिलं होतं, पहिल्याच तासात, पिंजाऱ्याच्या घरी सांगितलं तसं, गोडीनं, हात धरून. सासू म्हणाली, ‘तू माले शिकाडशी?’ रात्री इंदूनं चोरून त्याला जवळ घेतलं तर सासूनं उचलून आपल्या कुशीत नेलं. दूध भिंतीवर पिळायला लावलं. त्या खोलीच्या मातीच्या भिंतीवर पिवळे ओघळ होते, मी नंतर पाहिले.

पुरुषानं आत जायचं नव्हतं. मी ओसरीवर बसलो. आत पाण्याचा आवाज आला, कडुनिंबाचा वास आला. मग इंदूचा आवाज, अगदी धरणगावच्या प्रशिक्षणातला: ‘अक्का, डोकं नका धरू, मान धरा. पोटले पोट लागू द्या. आते थांबा, तोंड उघडू द्या.’

थोडा वेळ गेला.

‘उघडी ऱ्हायना नही,’ अक्का म्हणाली.

‘गालले बोट लावा. तळपायले टिचकी मारा.’

‘झोपना शे तो,’ सासू म्हणाली. ‘आते रडी रडीसन झोपना.’

‘झोपना नही, माय,’ इंदू म्हणाली. ‘झोपेल लेकरू असं ऱ्हात नही.’

मी आत गेलो. कुणी अडवलं नाही. मी माझ्या मुलाला पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा. ओठ कोरडे, टाळू आत गेलेली, अंगावर अक्काचं पिवळं झबलं, दोन माप मोठं. इंदू दोन बोटांनी दूध त्याच्या ओठांवर सोडत होती आणि ते कडेनं गळ्यावर ओघळत होतं. तिनं माझ्याकडं वर पाहिलं. रडत नव्हती. म्हणाली, ‘गाडी बघा.’

केळीची गाडी भुसावळला निघाली होती. घडांच्या मधे केळीची पानं अंथरून आम्ही बसलो. इंदू तीन दिवसांची ओली बाळंतीण, तिनं पोराला छातीशी उघड्या अंगाला लावून पदर वरून घट्ट गुंडाळला होता, ऊब राहावी म्हणून. पूर्ण रस्ता ती थेंब थेंब देत राहिली. एकदा त्यानं गिळलं. मी पाहिलं, त्याचा गळा हलला. इंदू ओरडली, ‘पिना! पिना वं अक्का!’ अक्का हात जोडून बसली होती. दवाखान्याच्या फाटकापाशी गाडी वळली तेव्हा इंदूनं देणं थांबवलं. मला वाटलं, पोहोचलो म्हणून थांबवलं.

त्याला आम्ही नदीकाठी ठेवलं. लहान मुलाला जाळत नाहीत. खड्डा मी केला, सासऱ्यांना फावडं धरवेना.

आम्ही सासूच्या घरी परत आलो. सासू चुलीपुढं बसून राहिली, चूल पेटवली नाही. अक्का गावी गेली नाही. दुसऱ्या दिवशी इंदूला ताप चढला. छाती दगडासारखी झाली होती, पोलकं भिजत होतं, बदललं तरी भिजत होतं. दूध कसं आणायचं ते तिला शिकवलं होतं. ते कसं थांबवायचं ते शिकवलं नव्हतं. शेजारणीनं सांगितलं, फडकं घट्ट बांधा. अक्का म्हणाली, आधी हलकं करू द्या, नाहीतर पू होईल. मग अक्कानंच पाणी कोमट केलं, फडकं भिजवून शेकलं आणि इंदूच्या पाठीशी बसून हळूहळू एका वाटीत दूध काढलं. इंदू भिंतीकडं तोंड करून बसली होती.

वाटी भरली तेव्हा अक्का उठून ओसरीवर आली. दूध आता पिवळं नव्हतं, पांढरं झालं होतं, वर साय धरल्यासारखं. तिनं न्हाणीकडं पाहिलं, उकिरड्याकडं पाहिलं, अंगणातल्या झाडाकडं पाहिलं. पुढं गेली आणि परत आली. माझ्यासमोर वाटी धरून उभी राहिली, मला वाढवलेली बाई, आणि लहान पोरीसारखं विचारलं, ‘नामा, हाई कोठे टाकू?’

मी तिच्या हातातून वाटी घेतली. अंधार पडेपर्यंत ती धरून बसलो.